चुकलेल्या यंत्रावर पुन्हा विश्वास कसा बसतो?

पावसाळ्यात कोल्हापुरात एक बातमी हमखास कानावर येते : "राधानगरीचा दरवाजा उघडला." तो कोणी उघडला, असे मात्र कोणी विचारीत नाही. कारण तो कोणी उघडीतच नाही! राजर्षी शाहू महाराजांनी भोगावती नदीवर बांधायला घेतलेल्या या धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. दरवाजाला तोलून धरणारे एक जड वजन असते. पाणी ठरावीक पातळीच्या वर चढले, की पाण्याचा जोर या वजनावर मात करतो आणि दरवाजा उघडतो. पाणी उतरले, की वजन पुन्हा दरवाजा मिटवते. कळ दाबायला माणूस लागत नाही. अशा एका दरवाजातून सेकंदाला 1428 घनफूट पाणी बाहेर पडते. बातमी ऐकताच काठावरचा शेतकरी नदीतली मोटार वर काढतो, जनावरे हलवतो. म्हणजे तो शेतकरी आणि तो दरवाजा हे एकाच संघातले दोन गडी झाले, नाही का?

पण यंत्रे कधी कधी दगा देतात. 29 डिसेंबर 2021 रोजी, पावसाचा थेंबही नसताना, दुरुस्तीचे काम चालू असता राधानगरी धरणाचा एक दरवाजा अडकून उघडा राहिला. नदीत एकाएकी पाणी वाढले आणि काठच्या लोकांना सावध करावे लागले. आता सांगा, त्यानंतर धरणाच्या दरवाजांवर विश्वास ठेवायचा की नाही?

"ठेवायचा" किंवा "नाही ठेवायचा" अशी घाई करू नका. आधी विचारा : नेमके काय बिघडले? दरवाजा अडकला तो माणसे दुरुस्ती करीत असताना. पाण्याच्या जोराने आपोआप चालत असताना नव्हे. चूक कोठली हे कळले, की अविश्वासही तेवढ्याच जागी ठेवता येतो.

हाच प्रश्न आता यंत्रमानवांच्या बाबतीत उभा राहिला आहे. कोल्हापूर हे ओतकामाचे मोठे केंद्र. समजा, शिरोलीच्या एखाद्या फौंड्रीत तुम्ही कामाला आहात. शेजारी लोखंडी हाताचा यंत्रमानव आहे. तो साच्यातून निघालेले कास्टिंग उचलून देतो, तुम्ही ते घासूनपुसून साफ करता. एके दिवशी तो भलतेच कास्टिंग उचलतो. दुसऱ्या दिवशीही तेच. मग तुमचे अर्धे लक्ष कामावर आणि अर्धे त्या हातावर राहील. कदाचित तुम्ही म्हणाल, "राहू दे तुझी मदत, माझे मीच घेतो!"

येथेच खरा धोका आहे. 25 जानेवारी 1979 रोजी अमेरिकेच्या मिशिगन राज्यात, फ्लॅट रॉक येथील एका ओतकारखान्यात असेच घडले. यंत्र भाग नीट पुरवीत नव्हते, म्हणून एक कामगार स्वतः ते काढायला मांडणीवर चढला. यंत्र बंद नव्हते. त्याचा हात येऊन आदळला आणि कामगार जागीच ठार झाला.

मग चुकलेल्या यंत्रमानवाने काय करावे? "माफ करा" म्हणावे का? त्याच मिशिगनमधील विद्यापीठाच्या दोन संशोधकांनी 2023 साली प्रसिद्ध केलेला प्रयोग पाहा. 240 माणसांनी संगणकाच्या पडद्यावरील एका यंत्रमानवाबरोबर खोकी हाताळण्याचे काम केले. यंत्रमानवाने मुद्दाम तीन वेळा चुकीचे खोके दिले. चुकल्यावर तो काहींची माफी मागे, काहींना कारण सांगे, काहींना "पुन्हा चुकणार नाही" असे वचन देई, तर काहींपुढे चूक नाकारी. तीन चुकांनंतर यांपैकी एकाही उपायाने विश्वास पूर्वीइतका भरून आला नाही!

यात नवल नाही. वर्गातला मित्र रोज तुमची वही विसरून रोज माफी मागू लागला, तर तुम्ही काय कराल? आणि मित्राला निदान ओशाळे तरी वाटते. यंत्राला तेही वाटत नाही. त्याचे शब्द फुकटचे असतात. त्याची वागणूक तेवढी मोजता येते. म्हणून विश्वास परत मिळवायचा तर काम बोलण्याने नव्हे, दुरुस्तीने करावे लागते. चूक कशाने झाली ते शोधावे, ती जागा दुरुस्त करावी, पुन्हा पुन्हा चाचणी घ्यावी, आणि यंत्र ताबडतोब थांबवण्याची कळ माणसाच्या हाताशी ठेवावी. कुंपणाचे दार उघडताच यंत्र आपोआप बंद पडेल अशी सोय तर हवीच.

पण विश्वास जितका जास्त तितका चांगला, असेही समजू नका. अमेरिकेतील जॉर्जिया टेक या संस्थेतील दुसरा एक प्रयोग 2016 साली प्रसिद्ध झाला. वाट दाखवणारा यंत्रमानव माणसांना एका खोलीकडे नेई. निम्म्या लोकांच्या बाबतीत तो डोळ्यांदेखत वाट चुकला. थोड्याच वेळात धूर सोडून आगीची घंटा वाजवली गेली. त्या वेळी 26 पैकी 26 माणसे त्याच यंत्रमानवाच्या मागे गेली! आल्या वाटेने परतणे सोपे होते, तरीही. हा विश्वास नव्हे, आंधळेपणा आहे.

तेव्हा नेम धरायचा तो मधल्या जागेवर : यंत्र जेवढे भरवशाचे, तेवढाच विश्वास. राधानगरीचे दरवाजे आपोआप उघडतात, तरी पाण्याची पातळी माणसे मोजतातच. पुढे कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची उंचीही पाहिली जाते. 39 फुटांना इशारा आणि 43 फुटांना धोका समजतात. दरवाजावर विसंबूनही डोळे उघडे ठेवण्याची ही रीत आहे.

तुम्हीही एक प्रयोग करा. महिनाभर रोज हवामानाचा अंदाज वहीत लिहा आणि शेजारी प्रत्यक्षात काय झाले ते लिहा. अंदाज किती वेळा खरा ठरेल असे तुम्हांला वाटते, तो आकडा पहिल्याच पानावर आधी लिहून ठेवा. महिन्याच्या शेवटी दोन्ही आकडे ताडून पाहा. तुमचा विश्वास जास्त होता की कमी, हे तुमचे तुम्हांलाच कळेल.