टर्बोच्या पिकअपला नेमके कोणते ऑइल?

नांदेडहून तुळजापूर-नागपूर महामार्गाने निघाले की वीसेक किलोमीटरवर अर्धापूर लागते आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना केळीच्या बागा सुरू होतात. इसापूर धरणाच्या कालव्याने या शिवारात पाणी आणले आणि अर्धापूरची केळी थेट उत्तर भारतातल्या बाजारात पोचली. लांबचा पल्ला मोठे ट्रक मारतात. पण पाणी दिलेल्या बागेतून, चिकट काळ्या मातीतून, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये घड बाहेर काढून ट्रकपर्यंत आणायचे काम पिकअपचेच. केळी नसेल तेव्हा हळद, खत, बेणे, कडबा. गाडीला उसंत नाही.

अशी नवी गाडी कर्ज काढून दारात आली, मोफत सर्व्हिसिंग संपले, की एक प्रश्न येतोच: आता ऑइल कोणते टाकायचे? गॅरेजमधले उत्तर बहुधा ठरलेले असते, ‘फोर्टी टाका, आपल्याकडं ऊन लई.’ हे उत्तर कमांडर जीप आणि टेम्पो मॅटॅडोरच्या जमान्यात चुकीचे नव्हते. त्या इंजिनांना टर्बो नव्हता, धुराड्यात जाळी नव्हती, आणि मिळेल ते डिझेल ती पचवत. आज बोलेरो पिकअपचे अडीच लिटरचे, टाटा योद्धाचे २.२ लिटरचे किंवा दोस्तचे दीड लिटरचे तीन सिलिंडरचे इंजिन घ्या, सगळी टर्बोची आहेत. दीड लिटरच्या इंजिनाने टनाच्या वर माल ओढावा, ही करामत त्या टर्बोची.

टर्बोची कल्पना स्विस अभियंता आल्फ्रेड ब्युची यांची. त्यांनी १९०५ साली तिचे पेटंट घेतले. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम धुरात बरीच ताकद शिल्लक असते आणि ती वाया जाते, हे त्यांनी हेरले. त्या धुराने एक चक्र फिरवायचे, त्याच दांड्यावर दुसऱ्या टोकाला दुसरे चक्र बसवायचे आणि त्याने इंजिनात जास्त हवा कोंबायची. हवा जास्त म्हणजे जास्त डिझेल पूर्ण जळणार आणि जोर वाढणार. ट्रकच्या इंजिनाला टर्बो बसवायला १९३८ साल उजाडले. ते काम स्वित्झर्लंडच्याच सॉरर कंपनीने केले.

आता त्या दांड्याकडे बघा. लहान डिझेल इंजिनाच्या टर्बोचा दांडा बोटाहून बारीक असतो आणि भरात असताना मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो. १ लाख २० हजार फेरे धरले तर सेकंदाला २ हजार. त्याच्या एका टोकाला सहा-सातशे अंश सेल्सिअसचा धूर, दुसऱ्या टोकाला बाहेरची हवा. बहुतेक टर्बोंमध्ये या दांड्याला छर्ऱ्यांचे बेअरिंगही नसते. तो बुशमध्ये ऑइलच्या पातळ थरावर अक्षरशः तरंगत फिरतो. हा थर केसाहूनही पातळ असतो. तेच ऑइल त्याला वंगण देते, तेच त्याची उष्णता उचलून नेते, आणि ते येते इंजिनाच्या चेंबरमधूनच. पिस्टन, क्रँक, टर्बो सगळ्यांना एकच ऑइल. म्हणून टर्बोच्या गाडीत ऑइल चुकले तर पहिला फटका टर्बोला बसतो.

डब्यावरच्या आकड्यांकडे येऊ. अमेरिकेत एसएई ही वाहन अभियंत्यांची संस्था स्थापन झाली तीही १९०५ मध्येच, आणि १९११ साली तिने ऑइलच्या जाडपातळपणाचे क्रमांक ठरवले. १५डब्ल्यू-४० मधला पहिला आकडा थंडीतला, दुसरा गरम इंजिनातला. ‘१५डब्ल्यू’चे ऑइल उणे २५ अंशांतही पंपाला ओढता येते, ‘५डब्ल्यू’चे उणे ३५ अंशांत. नांदेडला हिवाळ्यात पारा दहाच्या आसपास आला तरी आपण शेकोट्या पेटवतो. मग ‘५डब्ल्यू’ आपल्या काय कामाचे, असे कोणीही म्हणेल. पण इतक्या थंडीत वाहते राहणारे ऑइल साध्या खनिज तेलापासून सहज बनत नाही. त्याला जास्त शुद्ध केलेले किंवा सिंथेटिक मूळ तेल लागते, आणि असे तेल उष्णतेत कमी उडते, कमी करपते. टर्बोला नेमके तेच हवे असते. शिवाय पहाटे चावी मारल्यावर ते टर्बोपर्यंत लवकर पोचते.

दुसरा आकडा १०० अंशांवरच्या जाडीचा आहे. ‘ऊन लई’ हा हिशेब इथे लागू पडत नाही. मे महिन्यात अर्धापूरला बाहेर ४२-४३ अंश असले तरी चालत्या इंजिनातले ऑइल शंभरीच्या आसपास किंवा वर असते. बाहेरच्या उन्हाची काळजी रेडिएटरने करायची असते. कंपनीने ३० सांगितले असताना ऊन म्हणून ४० टाकले, तर इंजिनाला ते ढवळायला जास्त जोर लागतो आणि डिझेल जास्त जाते. कंपनीने ४० सांगितले असताना मायलेजच्या लोभाने ३० टाकणे त्याहून वाईट.

पण खरी मेख आकड्यांत नाहीच. दोन डब्यांवर ५डब्ल्यू-३० लिहिलेले असते आणि आतले ऑइल साफ वेगळे असते! एक पेट्रोल कारसाठी बनवलेले, त्यावर एपीआय एसपी अशी अक्षरे. दुसऱ्यावर एसीईए सी३. ही अक्षरे म्हणजे ऑइलची प्रत. दीडशे अंश उष्णता आणि जबर घर्षण यांच्यात ऑइलचा थर किती दणकट राहतो, याचे एक माप आहे. सी३ ला ते किमान ३.५ लागते, साध्या ५डब्ल्यू-३० ला २.९ पुरते. ओझे ओढणाऱ्या डिझेल इंजिनात हा फरक मोठा आहे. दुकानदार ‘दोन्ही एकच’ म्हणाला तरी ऐकू नका.

दुसरा फरक राखेचा, आणि तो समजायला १ एप्रिल २०२० ही तारीख लक्षात ठेवावी लागते. त्या दिवसापासून देशात बीएस-६ हे धुराचे मानक लागू झाले. डिझेलमधले गंधक दहा लाख भागांत ५० वरून १० भागांवर आले आणि बहुतेक डिझेल गाड्यांच्या धुराड्यात डीपीएफ, म्हणजे काजळी अडवणारी चाळणी, बसली. काजळी साडेपाचशे-सहाशे अंशांवर जाळून टाकता येते. राख मात्र जळत नाही. ती येते ऑइलमधल्या कॅल्शियम, मॅग्नेशियम, जस्त यांच्या संयुगांतून. ही संयुगे पूर्वी भरपूर घालावी लागत, कारण डिझेलमधल्या गंधकाचे आम्ल मारायला क्षार लागत. आता गंधकच कमी झाले, म्हणून क्षार कमी घातले तरी भागते, आणि जास्त घालावे तर चाळणी तुंबते. जुन्या सीआय-४ प्रतीच्या ऑइलला राखेची मर्यादा नव्हती. २००६ च्या सीजे-४ ने आणि पुढे २०१६ च्या सीके-४ ने ती १ टक्क्यावर आणली. सी३ ची मर्यादा ०.८ टक्के आहे. बीएस-६ गाडीत जुन्या प्रतीचे ऑइल टाकले तर इंजिन चालेल, आवाजही गोड येईल, पण चाळणी राखेने लवकर भरत जाईल. ती बदलण्याचा खर्च ऑइलच्या कित्येक डब्यांएवढा असतो.

केळीच्या कामाचे एक वेगळे दुखणे इथेच आहे. बाग ते काटा, काटा ते ट्रक, अशा छोट्या फेऱ्यांत चाळणीतली काजळी जाळायला लागणारी उष्णता तयार होत नाही. गाडी ती जाळायला जास्तीचे डिझेल सोडते, मधेच इंजिन बंद केले जाते, आणि न जळलेले थोडे डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरते. हे ओळखता येते. सकाळी गाडी सपाटीवर उभी असताना ऑइलची पट्टी काढा, स्वच्छ फडक्याने पुसा, पूर्ण आत घालून पुन्हा काढा. ऑइल दोन खुणांच्या मधे असावे. ते वरच्या खुणेच्याही वर चढलेले दिसले, बोटाला पाण्यासारखे पातळ लागले आणि डिझेलचा वास आला, तर किलोमीटर पुरे होण्याची वाट न बघता ऑइल बदलायला हवे. ‘ऑइल वाढलं, बरंच झालं’ असे समजणारे भेटतात. तो समज टर्बोच्या जिवावर उठतो. चाळणीचा दिवा लागला तर गाडी महामार्गावर काढून वीसेक मिनिटे एका वेगात चालवावी. अर्धापूर-नांदेड अंतर त्याला पुरते. तेवढ्यानेही दिवा गेला नाही तर गाडी सर्व्हिस सेंटरला दाखवावी.

ऑइल कधी बदलायचे, हे पुस्तिकेत किलोमीटर आणि महिने अशा दोन्ही मापांत दिलेले असते. जे आधी भरेल ते धरायचे. धूळ, जादा ओझे, उभ्या गाडीत चालू इंजिन, छोट्या फेऱ्या, यांना पुस्तिका ‘कठीण वापर’ म्हणते आणि मुदत कमी करते. अर्धापूरची पिकअप या चारही रकान्यांत बसते. ऑइलबरोबर फिल्टर बदलायचाच. आणि भरल्या गाडीने घाट किंवा चढ मारून आल्यावर चावी लगेच फिरवू नका, मिनिटभर इंजिन मंद चालू द्या. इंजिन थांबले की ऑइलचा प्रवाह थांबतो, पण टर्बो तापलेलाच असतो. आत अडकलेले ऑइल करपून त्याचा कोळसा होतो आणि पुढे तोच वाट अडवतो.

सुटे, बॅरलमधले ऑइल स्वस्त पडते, पण आत काय आहे ते कळायला मार्ग नाही. सीलबंद डबाच घ्या आणि रिकामा डबा भंगारात देण्याआधी त्याला भोक पाडा, म्हणजे तो भेसळवाल्याच्या कामी येणार नाही. काढलेले काळे ऑइल नालीत, बांधावर ओतू नये. २०१६ च्या नियमांनी ते घातक कचरा ठरवले आहे. नोंदणीकृत संकलकाकडेच ते जायला हवे.

ब्रँडवरून गॅरेजमध्ये वाद रंगतात. माझ्या मते ते निरर्थक आहेत. सर्वो, मॅक, एचपी, कॅस्ट्रॉल, गल्फ, कोणाचेही घ्या. पुस्तिकेत लिहिलेला ग्रेड आणि प्रत डब्याच्या मागच्या बाजूला शब्दशः असेल तर ते ऑइल चालेल, नसेल तर कितीही महाग असले तरी नाही. तेव्हा आजच गाडीच्या कप्प्यातून ती पुस्तिका काढा, ऑइलचे पान उघडा, ग्रेड, प्रत आणि किती लिटर लागते ते मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा, आणि पुढच्या वेळी दुकानात तो फोटो दाखवूनच डबा मागा.