चिप हाताशी नसताना: क्यूएमूचं काम कसं चालतं

रिस्क-फाइव्ह प्रोसेसरसाठी तयार केलेला प्रोग्रॅम इंटेलच्या लॅपटॉपवर तसाच्या तसा चालत नाही. बेरीज दोघांनाही येते, पण बेरजेचा हुकूम दोघांकडे वेगवेगळ्या बिटांत लिहिलेला असतो. सोळाच्या पायातला ००१५०५१३ हा आकडा घ्या. रिस्क-फाइव्हसाठी त्याचा अर्थ आहे, ‘ए-शून्य या रजिस्टरमध्ये १ मिळव’. मेमरीतले हेच चार बाइट इंटेलपुढे ठेवले, तर तो हातचा धरून बेरीज करण्याची सहा बाइटांची भलतीच सूचना वाचू लागतो आणि पुढचे दोन बाइटही गिळतो.

ही अडचण सोडवणारं मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे क्यूएमू. फाब्रिस बेलार या फ्रेंच प्रोग्रॅमरने ते २००३ मध्ये सुरू केलं. आज ते आर्म, रिस्क-फाइव्ह, पॉवरपीसी, मिप्स अशा अनेक प्रोसेसरांची भूमिका वठवतं. अँड्रॉइड अ‍ॅप बनवणारे संगणकावर जो फोन उघडतात, त्या एम्युलेटरचा पायाही क्यूएमूच आहे.

एम्युलेशनचा सरळ मार्ग असा: एक सूचना वाचायची, तिचा अर्थ लावायचा, ते काम करायचं आणि पुढच्या सूचनेकडे वळायचं. पण एखादं लूप दहा लाख वेळा फिरणार असेल, तर त्याच सूचनांचा अर्थ दहा लाख वेळा लावावा लागतो. म्हणून क्यूएमू दर वाक्याला थांबणाऱ्या दुभाष्यासारखं वागत नाही. ते परिच्छेदाचा लेखी अनुवाद करून जपून ठेवतं. सूचना एकामागून एक वाचत ते पहिल्या उडीपर्यंत, म्हणजे प्रोग्रॅमची वाट बदलू शकेल त्या जागेपर्यंत जातं. तेवढ्या तुकड्याचं यजमान प्रोसेसरच्या, म्हणजे क्यूएमू ज्यावर चालतं त्याच्या, भाषेत रूपांतर होतं आणि ते कॅशमध्ये जातं. लूप पुन्हा त्याच पत्त्यावर आलं की तयार तुकडा थेट चालतो. शिवाय एका तुकड्याच्या शेवटाला दुसऱ्याची सुरुवात जोडून दिली जाते. मग मधे क्यूएमूच्या मुख्य चक्राकडे परत यावं लागत नाही.

हे रूपांतर दोन टप्प्यांत होतं. पाहुण्या प्रोसेसरची, म्हणजे ज्याची भूमिका वठवायची त्याची, सूचना आधी टीसीजी नावाच्या यंत्रणेच्या साध्या मधल्या क्रियांत उतरते आणि तिथून यजमानाच्या सूचनांत जाते. दहा पाहुणे आणि पाच यजमान असतील, तर थेट रूपांतराला पन्नास जोड्या लिहाव्या लागल्या असत्या. मधला टप्पा असल्याने पंधरा भागांत काम भागतं. नवा प्रोसेसर आला की त्याचा एकच भाग लिहायचा.

खरं कौशल्य बारकाव्यांत दिसतं. इंटेलच्या प्रोसेसरमध्ये प्रत्येक बेरजेनंतर ‘उत्तर शून्य आलं का, हातचा उरला का’ अशा खुणा, म्हणजे फ्लॅग, बदलतात. बहुतेक वेळा त्या कोणी वाचतही नाही; पुढची बेरीज त्या पुसून टाकते. इंटेलची भूमिका करताना क्यूएमू त्या लगेच काढत बसत नाही. कोणती क्रिया झाली आणि त्यातले आकडे कोणते, एवढंच ते टिपून ठेवतं. एखाद्या सूचनेने खरोखर विचारणा केली, तरच खुणा मोजल्या जातात.

मेमरीकडेही असंच लक्ष द्यावं लागतं. पाहुण्याचा प्रत्येक पत्ता यजमानाच्या मेमरीतल्या जागेशी जुळवावा लागतो आणि अलीकडे वापरलेल्या जुळण्या एका छोट्या तक्त्यात ठेवल्या जातात. काही पत्त्यांमागे तर मेमरी नसतेच. क्यूएमूच्या ‘व्हर्ट’ या रिस्क-फाइव्ह यंत्रात सोळाच्या पायातल्या १००००००० या पत्त्यावर सीरियल पोर्ट आहे. पाहुण्याने तिथे एक अक्षर लिहिलं की क्यूएमू ते पकडतं आणि तुमच्या टर्मिनलवर दाखवतं.

अख्खा संगणक उभा करायचा नसेल, तर दुसरी पद्धत आहे. त्यात फक्त प्रोग्रॅमच्या सूचनांचं रूपांतर होतं आणि फाइल उघडणं, मेमरी मागणं या विनंत्या यजमान लिनक्सकडे जातात. आणि पाहुणा व यजमान एकाच जातीचे असतील, तर लिनक्सच्या केव्हीएम या सुविधेच्या मदतीने सूचना थेट खऱ्या प्रोसेसरवर चालतात. रूपांतराचा खर्चच उरत नाही.

एक मर्यादा मात्र पक्की लक्षात ठेवावी. क्यूएमू प्रोसेसरचं वागणं हुबेहूब उभं करतं, त्याच्या घड्याळाचे ठोके नाही. त्यामुळे प्रोग्रॅम बरोबर चालतो का, हे इथे तपासता येतं. खऱ्या चिपवर तो किती वेगाने धावेल, हे नाही.

तरीही जे मिळतं ते मोठं आहे. आयआयटी मद्रासने रिस्क-फाइव्हवर शक्ती हे प्रोसेसर घडवले आणि त्यांच्यातल्या सी-वर्गाचं यंत्र क्यूएमूमध्ये दाखल झालं आहे. त्यासाठी प्रोग्रॅम लिहू पाहणाऱ्या विद्यार्थ्याने महागडा बोर्ड येईपर्यंत थांबण्याची गरज नाही. क्यूएमूचा सोर्स कोड सर्वांना खुला आहे. एक सूचना निवडावी, तिचं रूपांतर कुठे होतं ते कोडमध्ये शोधावं आणि ती चालताना पाहावी. प्रोसेसर आतून समजून घ्यायला याहून चांगली सुरुवात मला माहीत नाही.