मुलाचं नाव शाळेत घालताय? रजिस्टरमधली ओळ वाचल्याशिवाय उठू नका

आपल्या गावात 1 जूनला वाढदिवस असलेली माणसं मोजायला बसलात तर हाताची बोटं पुरायची नाहीत. एवढी माणसं एकाच दिवशी जन्मली, असं काही नाही. त्या काळी घरात जन्माचा दाखला नसायचा. आई सांगायची, ‘पोळ्याच्या आधी झाला’ किंवा ‘दुष्काळाच्या साली झाला’. शाळा जूनमध्ये भरायची. गुरुजी पोराकडे बघून वयाचा अंदाज घ्यायचे आणि वय बसेल अशी 1 जून तारीख टाकून मोकळे व्हायचे.

त्या एका तारखेनं पुढं काय काय केलं, हे घरोघरी माहीत आहे. कुठं थोरला भाऊ कागदावर धाकटा झाला. कुणाची पोलीस भरती वयात अडकली. कुणी खऱ्या वयाची पंचाहत्तरी ओलांडली, पण कागदावर दोन वर्षं कमी, म्हणून एसटीत अजून अर्धं तिकीट काढतोय.

आता जन्माचे दाखले आहेत, आधार आहे, सगळं ऑनलाइन आहे. तरीही चुका थांबलेल्या नाहीत, फक्त त्यांची तऱ्हा बदलली. म्हणून पहिलीला नाव घालण्याआधी काय बघायचं आणि कागद नसेल तर काय करायचं, ते इथं सविस्तर देत आहोत.

जनरल रजिस्टर म्हणजे शाळेचा सातबारा

शाळेत नाव घातलं की मुख्याध्यापक जनरल रजिस्टरमध्ये एक ओळ भरतात. काही ठिकाणी त्याला दाखल-खारीज रजिस्टर म्हणतात. मुलाचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, आईचं नाव, धर्म, जात, मातृभाषा, जन्मस्थळ, अंकी व अक्षरी जन्मतारीख, आधीची शाळा आणि दाखल झाल्याची तारीख, हे सगळं त्या एका ओळीत येतं. त्या ओळीला एक नंबर पडतो. तो रजिस्टर नंबर कुठंतरी लिहून ठेवा, जन्मभर कामाला येतो.

पुढं बोनाफाईड निघतं ते याच ओळीवरून. शाळा सोडल्याचा दाखला निघतो तोही याच ओळीवरून. पुढची शाळा तो दाखला बघून आपलं रजिस्टर भरते आणि दहावीच्या बोर्डाचा फॉर्म त्यावरून भरला जातो. म्हणजे पहिलीत पडलेली चूक दहावीच्या सर्टिफिकेटवर जाऊन बसते.

सातबाऱ्यावर नावात काना-मात्रा चुकली तरी आपण तलाठ्याकडे हेलपाटे मारतो. शाळेच्या फॉर्मवर मात्र ‘गुरुजी, तुम्हीच भरा, मी सही करतो’ म्हणून निघून येतो. गुरुजींचा यात दोष नाही. एका दिवशी वीस-पंचवीस फॉर्म भरताना हात चुकू शकतो. लेकराचं नाव आपलं आहे, तपासायचं काम आपलं आहे.

वय किती लागतं?

राज्यातल्या सध्याच्या नियमाप्रमाणे ज्या वर्षी पहिलीला घालायचं, त्या वर्षीच्या 31 डिसेंबरपर्यंत मुलाला सहा वर्षं पूर्ण व्हायला हवीत. वय कमी पडतं म्हणून तारीख मागं ओढून घेण्याचा आग्रह धरू नका. एक वर्ष वाचवण्याच्या नादात पुढं जन्म दाखल्यावर एक आणि शाळेत दुसरीच तारीख, असा घोळ होतो. तो निस्तरताना वाचवलेल्या वर्षापेक्षा जास्त वेळ जातो.

वय जास्त झालं असेल, मध्येच शाळा सुटली असेल किंवा पोर कधी शाळेत गेलंच नसेल, तरी दार बंद नाही. शिक्षण हक्क कायदा 2009 साली झाला आणि 1 एप्रिल 2010 पासून लागू आहे. त्यात 6 ते 14 वयाच्या प्रत्येक मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. नऊ वर्षांच्या मुलाला पहिलीत बसवायचं नसतं. त्याला वयाप्रमाणे वर्ग द्यायचा आणि मागं राहिलेलं शिकवून घ्यायचं, असं कायदा सांगतो.

कोणते कागद न्यायचे?

जन्माचा दाखला, मुलाचं व आई-वडिलांचं आधार, रेशन कार्ड, वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला किंवा जातीचा दाखला, बँक पासबुकाची झेरॉक्स आणि दोन-चार फोटो न्या. मूळ कागद दाखवा आणि परत घ्या. शाळेत फक्त झेरॉक्स द्या.

जन्म दाखल्याबाबत एक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. जन्माची नोंद बाळ जिथं जन्मलं तिथं असते, आपण राहतो तिथं नाही. पहिलं बाळंतपण माहेरी होतं, म्हणजे नोंद माहेरच्या ग्रामपंचायतीत किंवा तिथल्या नगरपालिकेत सापडेल. ऊसतोडीला गेल्यावर कारखान्याच्या भागात बाळ झालं असेल, तर दाखला तिकडचा. आपल्या ग्रामसेवकाकडं चकरा मारून उपयोग होत नाही.

काहींच्या दाखल्यावर बाळाचं नावच नसतं, कारण बारशाच्या आधी नोंद झालेली असते. ते नाव नंतर टाकता येतं. नोंदीपासून बारा महिन्यांच्या आत फुकट, त्यानंतर थोडी फी भरून पंधरा वर्षांपर्यंत. जन्माची नोंदच केली नसेल आणि एक वर्ष उलटलं असेल, तर मॅजिस्ट्रेटच्या आदेशानं नोंद होते. म्हणून या कामाला जूनची वाट बघू नका.

ज्यांची लेकरं अजून पाळण्यात किंवा अंगणवाडीत आहेत, त्यांनी हे खास वाचा. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात 2023 साली बदल झाला. 1 ऑक्टोबर 2023 किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांसाठी शाळा प्रवेशाला जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्म दाखलाच धरला जाणार आहे. ही मुलं 2029 पासून पहिलीला येतील. दाखला आत्ताच काढून, नाव टाकून, नीट जपून ठेवा.

पिवळ्या आणि केशरी कार्डवाल्या घरातल्या मुलींसाठी लेक लाडकी योजना आहे. 1 एप्रिल 2023 पासून जन्मलेल्या मुलीला पहिलीत गेल्यावर 6 हजार रुपये मिळायचे आहेत. जन्म दाखल्यावर एक नाव आणि शाळेत दुसरं, असं झालं तर तिथंही अडचण येणारच.

कागद नाही म्हणून परत पाठवता येत नाही

वयाचा पुरावा नाही म्हणून कोणत्याही मुलाला प्रवेश नाकारायचा नाही, असं शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 14 मध्ये स्पष्ट आहे. दवाखान्यातली किंवा नर्सबाईंच्या रजिस्टरमधली नोंद, अंगणवाडीतली नोंद, तेही नसेल तर आई-वडिलांनी लिहून दिलेलं वय चालतं. पोर आधी शाळेत बसवायचं, कागद मागून गोळा करायचे.

आधारचंही तसंच. शाळा प्रवेशाला आधार सक्तीचं नाही, असं सुप्रीम कोर्टानं 26 सप्टेंबर 2018 च्या निकालात सांगितलं आहे. मग गुरुजी आधारसाठी एवढे मागं का लागतात? शाळेला किती शिक्षक मिळणार ते संच मान्यतेत ठरतं आणि त्यात आधार जुळलेली मुलं मोजली जातात. दहा पोरांचं आधार जुळलं नाही, तर आपल्याच शाळेतला एक शिक्षक कमी होऊ शकतो. म्हणून आधार काढून द्या, दुरुस्तही करून द्या, पण ते नाही म्हणून लेकरू घरी ठेवू नका. मुलाला पाच वर्षं पूर्ण झाली की बोटांचे ठसे द्यायला आधार केंद्रावर एकदा जावं लागतं, तेही विसरू नका.

प्रवेशाची तारीख गेली म्हणूनही जिल्हा परिषदेची शाळा परत पाठवू शकत नाही. प्रवेशासाठी देणगी मागता येत नाही, मुलाची किंवा पालकाची परीक्षा घेता येत नाही. पुस्तकं, गणवेश आणि दुपारचं जेवण फुकट आहे.

सही करण्याआधी या चार जागा बघा

पहिली जागा नावाची. नाव जन्म दाखल्यावर आहे तसंच लिहा. घरात ‘बाळू’ म्हणतात म्हणून शाळेत बाळू नको. इंग्रजी स्पेलिंगही तपासा. एका कागदावर ‘आय’ आणि दुसऱ्यावर दोन ‘ई’, एवढ्यावरून पुढं शिष्यवृत्तीचा अर्ज अडकतो. आडनाव आणि वडिलांचं नाव वडिलांच्या स्वतःच्या शाळेच्या दाखल्याशी जुळवा.

दुसरी जागा आईच्या नावाची. तिथं सासरचं नाव आणि आधारवरचं नाव एकच आहे ना, ते बघा. लग्नात नाव बदललं आणि कागदावर जुनंच राहिलं, असं आपल्याकडं पुष्कळ आहे. 1 मे 2024 किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात आधी मुलाचं, मग आईचं, मग वडिलांचं नाव आणि शेवटी आडनाव, असा क्रम सरकारनं ठरवला आहे. म्हणजे आईचं नाव आता आणखी महत्त्वाचं झालं.

तिसरी जागा जन्मतारखेची. अंकात आणि अक्षरात एकच तारीख हवी. 06 आणि 09, 1 आणि 7 यांची गल्लत होते.

चौथी जागा जातीची, आणि सगळ्यात जास्त नुकसान इथंच होतं. जात आणि पोटजात वडील-आजोबांच्या कागदावर आहे तशीच लिहा. तिथं नुसतं ‘हिंदू’ लिहून सोडू नका, आणि आडनाव किंवा धंदा जात म्हणून लिहू नका. ‘कोळी’ आणि ‘महादेव कोळी’ हे दोन वेगळ्या प्रवर्गात आहेत. एका शब्दानं पुढचं सगळं बदलतं. 2023 पासून कुणबी नोंदींसाठी शाळांची जुनी रजिस्टरं, काही तर मोडी लिपीतली, कशी धुंडाळली गेली ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. ओबीसी दाखल्यासाठी 13 ऑक्टोबर 1967 आधीचा, अनुसूचित जातीसाठी 10 ऑगस्ट 1950 आधीचा आणि विमुक्त-भटक्यांसाठी 21 नोव्हेंबर 1961 आधीचा पुरावा विचारतात. कित्येक घरांत आजोबांचा निर्गम उतारा हाच तेवढा एक पुरावा असतो. आज आपण भरतोय ती ओळ उद्या नातवंडं शोधत येणार आहेत.

लिहायला-वाचायला येत नसेल तर लाजू नका. ‘गुरुजी, लिहिलेलं मोठ्यानं वाचून दाखवा’ एवढं म्हणा. रजिस्टरमधल्या ओळीचा मोबाइलमध्ये फोटो काढू द्या, अशी विनंती करा. तो फोटो आणि आधारचा फोटो गावाच्या ग्रुपवर मात्र टाकू नका.

चूक सापडली तर?

मूल शाळेत आहे तोवरच दुरुस्ती करून घ्या. जन्म दाखला आणि इतर पुरावे जोडून मुख्याध्यापकांकडं लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तोंडी सांगून ओळीवर खाडाखोड करून घेऊ नका, तसली खाडाखोड पुढं जात पडताळणीत संशयाला कारण होते. नाव, जन्मतारीख, जात यांत बदल करायला वरच्या शिक्षण कार्यालयाची परवानगी लागते. मुलानं शाळा सोडल्यावर हेच काम फार अवघड होऊन बसतं. गॅझेटमध्ये नाव बदललं तरी शाळेतली जुनी ओळ आपोआप बदलत नाही.

ऊसतोडीला जाणाऱ्या घरांसाठी

दसरा-दिवाळीला टोळ्या निघतात आणि पोरांची शाळा मध्येच सुटते. निघण्याआधी शाळेत जाऊन सांगा. आजी-आजोबांकडं पोर राहणार असेल तर हंगामी वसतिगृहाची सोय आहे का, ते विचारा. बरोबर न्यायचंच असेल तर शिक्षण हमी कार्ड मागून घ्या, ते दाखवलं की कारखान्याजवळच्या शाळेत बसता येतं. दाखला मागितला तर मुख्याध्यापकानं तो लगेच द्यायचा असतो. दाखला यायला उशीर झाला म्हणून नवी शाळा प्रवेश अडवू शकत नाही, हे कायद्याच्या कलम 5 मध्ये आहे.

कुणी अडवलंच तर

आधी मुख्याध्यापकांशी शांतपणे बोला. नाही जमलं तर केंद्रप्रमुख, मग पंचायत समितीतले गटशिक्षणाधिकारी, त्यानंतर जिल्हा परिषदेतले शिक्षणाधिकारी (प्राथमिक). तक्रार लेखी द्या. तिचा निकाल तीन महिन्यांत लावायचं बंधन कायद्यानं घातलं आहे. गावातल्या शाळा व्यवस्थापन समितीत पाऊण सदस्य पालकच असतात, त्यांनाही सोबत घ्या.

ज्यांची लेकरं आधीच शाळेत आहेत, त्यांनीही एक काम करा. या आठवड्यात शाळेत जाऊन एक बोनाफाईड मागा आणि घरच्या जन्म दाखल्याशेजारी ठेवून अक्षर न् अक्षर जुळवा. फरक निघाला तर तो पहिली-दुसरीतच निघालेला बरा.