पोर्तो ते अंधेरी, व्हाया झाग्रेब

आमच्या रिसोडला ‘पोट्टं बाहेर हाय’ म्हटलं की पुणं नाहीतर मुंबई. मीही त्यातलाच. पाउलो मचाडोचं ‘बाहेर’ मात्र जरा जास्तच लांबलं. १९८६ला पोर्तो शहरात जन्म, एफसी पोर्तोच्याच अकादमीत घडला. पण घरच्या क्लबनं त्याला सारखं उसनं दिलं. (हो, फुटबॉलमध्ये खेळाडू उसने देतात. आपल्या डेप्युटेशनसारखंच, फक्त पगार तगडा!) मग फ्रान्समध्ये सेंट-एटिएन, टूलूझ, ग्रीसचा ऑलिंपियाकोस, क्रोएशियाचा दिनामो झाग्रेब. दर वेळी नवी भाषा, नवा बॉस, पहिल्यापासून सुरुवात.

२०१८मध्ये बत्तिशीचा मचाडो मुंबई सिटीत आला. कोच होता जॉर्ज कोस्टा, २००४ची चॅम्पियन्स लीग जिंकणाऱ्या पोर्तोचा कप्तान. परक्या शहरात ओळखीच्या गावचा बॉस, और क्या चाहिए! मचाडो मिडफिल्डर, गोल दुसऱ्यांनी मारायचे, खेळ यानं जुळवायचा. त्यामुळे बायोडेटात गोल कमी, गावं जास्त.

त्या सीझनला टीम सेमीफायनलला पोचली. मार्च २०१९मध्ये अंधेरीत, घरच्याच मैदानावर, एफसी गोवाकडून ५-१ असा मार खाल्ला. परतीची मॅच गोव्यात. फायनल हातची गेलीच होती, तरी मुंबई १-० जिंकली. मला ते १-० जास्त लक्षात राहिलंय.