साच्यातली पणती

दिवाळीआधी तिवशाच्या बाजारात पणत्या घेताना, भगिनींनो, एक पणती उलटी करून पाहा. चाकावरची असेल तर बुडाशी दोऱ्याने कापल्याची खूण दिसेल आणि कडा जराशी वाकडी असेल. साच्यातल्या मात्र साऱ्या एकसारख्या!

हा साचा काही आजचा नव्हे. दोन हजार वर्षांमागे रोमन कुंभार दोन अर्ध्या साच्यांत माती दाबून, मग ते अर्ध जोडून बंद दिवा करीत. वर तेल ओतायला भोक, पुढे चोचीत वात. तेल बहुधा ऑलिव्हचे. उत्तर इटलीतल्या ‘फोर्टिस’च्या दिव्यांना एवढा खप होता, की इतरांनी त्याच दिव्यांवरून साचे काढून नावासकट नकला केल्या. माती वाळता-भाजताना आकसते, म्हणून नकलेची नक्कल दरवेळी थोडी लहान. अभ्यासक चोरी ओळखतात ती त्यावरूनच.

आपल्या कुंभाराचे सारे काम चाकावर. रंगीत साच्याच्या पणतीपुढे त्याचा माल पडून राहिला, तर पुढच्या दिवाळीपर्यंत गिऱ्हाईक नाही. त्याची पणती घ्या, पण कोरीच तेलात भरू नका. माती बरेच तेल पिते. आधी काही तास पाण्यात बुडवून ठेवा, मग पुसून वाळवा. वात घरच्या कापसाची, घट्ट वळलेली.