सम्राट विंचवाचं बीळ

पश्चिम आफ्रिकेत घाना, टोगो, बेनिन, आयव्हरी कोस्ट या देशांच्या जंगलांत आणि दमट गवताळ रानांत एक काळाकुळकुळीत, हिरवट झाक असलेला विंचू राहतो. इंग्रजीत त्याला एम्परर स्कॉर्पियन म्हणतात, शास्त्रीय नाव पँडिनस इम्परेटर. नांगीपर्यंत मोजला तर पूर्ण वाढलेला विंचू २० सेंटिमीटरपर्यंत भरतो. आपल्याकडची इंगळी ज्या कुळातली, त्याच कुळातला हा. चिमटे भलेमोठे, विष सौम्य आणि स्वभाव पळपुटा, त्यामुळे युरोप-अमेरिकेत कित्येक दशकांपासून हौशी लोक तो घरी पाळत आले आहेत. निगा नीट राहिली तर तो सहा ते आठ वर्षं जगतो, निगा चुकली तर काही महिन्यांत संपतो. तो उपासमारीनं क्वचितच मरतो. बहुतेकदा माती चुकलेली असते, हवा कोरडी पडलेली असते किंवा हीटर भलत्या जागी लावलेला असतो. विंचू पाळायचा म्हणजे मुख्यतः त्याचं बीळ सांभाळायचं. पुढं जे लिहितो आहे ते सगळं या एकाच गोष्टीभोवती फिरणारं आहे.

आधी कायद्याचं आणि सुरक्षेचं सांगून टाकतो. या विंचवाची रानातून इतकी धरपकड झाली की १९९५ पासून तो साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. भारतात वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली आणि साइट्सच्या यादीतले प्राणी चौथ्या अनुसूचीत आले. असा जिवंत प्राणी ज्याच्याकडे असेल त्यानं त्याची नोंदणी करायलाच हवी. कागदपत्रं नसलेला विंचू कुणी स्वस्तात देत असेल तर घेऊ नये. आणि कोकणात, देशावर सापडणारा तांबडा विंचू तर हौस म्हणून डब्यात घालण्याचा विचारही करू नये. आकारानं तो लहान, चिमटे बारीक, पण त्याच्या विषानं हृदयावर आणि फुप्फुसांवर परिणाम होतो आणि लहान मुलं दगावतात. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन हे औषध त्यावर वापरून दाखवलं, तेव्हापासून अनेकांचे जीव वाचले. तो विंचू दिसलाच तर त्याच्यापासून लांब राहावं.

आता बिळाकडे वळू. रानात सम्राट विंचू दिवस घालवतो तो ओंडक्याखाली, दगडाखाली किंवा वारुळाच्या बुडाशी खणलेल्या बिळात. वर ऊन तापलं तरी आत ओल टिकून असते आणि तापमान फारसं हलत नाही. त्याचं शरीर याच स्थिर हवेला सरावलेलं असतं. त्याच्या पोटाखाली श्वासाची चार जोड्या छिद्रं असतात आणि त्यांच्या आत पातळ पडद्यांच्या थरांची फुप्फुसं. हवा फार कोरडी असली तर अंगातलं पाणी उडून जातं. उलट माती चिखल झाली आणि पोट सतत पाण्यात राहिलं तर ही छिद्रं बुजतात. या दोन टोकांच्या मधली अवस्था पेटीत टिकवायची आहे.

एका मोठ्या विंचवाला सुमारे ४५ बाय ३० सेंटिमीटर तळ असलेली काचेची पेटी पुरते. उंची फार नको, कारण हा चढणारा प्राणी नाही आणि उंचावरून पडला तर त्याचं पोट फुटू शकतं. गुळगुळीत काच त्याला चढता येत नाही, पण कोपऱ्यातल्या सिलिकॉनच्या रेघेवर नख्या रोवून तो वर येतो. म्हणून झाकण घट्ट बसणारं आणि कडी असलेलं घ्यावं.

मातीच्या बाबतीत कंजुषी अजिबात करू नये. दुकानातून आणलेल्या पेटीत चार-पाच सेंटिमीटर भुसा आणि वर एक शोभेचा दगड एवढंच असतं, आणि त्यावर तो बिचारा उघडा पडलेला असतो. थर किमान १५ सेंटिमीटरचा हवा. कोकोपीटची वीट पाण्यात भिजवून मोकळी करावी आणि तिच्यात खत न घातलेली, थोडी चिकण असलेली माती मिसळावी. नुसत्या कोकोपीटमध्ये खणलेलं बीळ ढासळतं. चिकण माती असली की भिंत धरून राहते. ओल किती हवी हे मुठीत कळतं: मूठभर मिश्रण घट्ट दाबलं की गोळा व्हायला हवा, बोटांच्या फटीतून फार तर एखादा थेंब यावा. धार लागली तर पाणी जास्त झालं आहे आणि मूठ उघडताच गोळा भुरभुरला तर कमी.

मग बिळाची सुरुवात आपण करून द्यायची. कोकणातल्या जुन्या घरांवर असतं ते नळीचं कौल यासाठी उत्तम. ते तिरकं ठेवून त्याचं एक टोक थेट पेटीच्या तळाला टेकवावं आणि मग आजूबाजूला माती भरावी. जड वस्तू नुसत्या मातीवर ठेवल्या तर विंचू खालून खणतो आणि ती वस्तू त्याच्याच अंगावर बसते. कौल ठेवल्यावर पुढच्या काही रात्रींत तो स्वतः माती उपसून बीळ वाढवतो, आणि सकाळी बिळाच्या तोंडाशी ढिगारा दिसला की समजावं, जागा त्याला मानवली.

पाणी वरून रोज फवारायची सवय अनेकांना असते. त्यानं वरचा थर ओला राहतो, बुरशी धरते आणि खाली, जिथं विंचू बसतो तिथं, माती कोरडीच राहते. त्यापेक्षा एका कोपऱ्यात हळूहळू पाणी ओतावं, म्हणजे ते तळाशी उतरतं. खाली ओल, वर सुकं अशी उतरंड झाली की विंचू आपल्याला हवी तेवढी खोली स्वतः निवडतो. हवेतला दमटपणा ७० ते ८० टक्के असावा, पण कोंडलेला नको. झाकणाला आणि एका बाजूला बारीक भोकं हवीत. शिवाय एक उथळ पाण्याची ताटली कायम भरलेली, पिल्लं असतील तर तिच्यात खडे टाकलेली. ताटलीत स्पंज ठेवण्याची पद्धत मला पसंत नाही, तो दोन दिवसांत कुजायला लागतो.

उष्णतेबद्दल सगळ्यात जास्त गैरसमज आहेत. त्याला २५ ते ३० अंश सेल्सियस हवं. मुंबईत वर्षाचा बराच काळ वेगळी ऊब लागतच नाही. पुण्या-नाशकाच्या थंडीत रात्री लागते, आणि लंडन किंवा टोरांटोच्या घरात तर हमखास. त्यासाठी हीट मॅट मिळते आणि बहुतेक जण ती पेटीखाली सरकवतात. मातीतल्या प्राण्याला एकच गोष्ट ठाऊक असते: गरम झालं की खाली जायचं. मॅट खाली असली की तो जितका खोल जाईल तितका जास्त भाजतो, आणि तरीही खणतच राहतो. म्हणून मॅट पेटीच्या एका बाजूच्या काचेला बाहेरून लावावी, थर्मोस्टॅटला जोडूनच, आणि दुसरी बाजू थंड राहू द्यावी. विदर्भातल्या उन्हाळ्यात प्रश्न उलटा असतो. तिथं पेटी घरातल्या सगळ्यात गार खोलीत, जमिनीलगत ठेवावी. तापमान ३५ च्या वर जाऊ देऊ नये आणि पेटीवर थेट ऊन कधीच पडू देऊ नये.

खाणं त्यामानानं सोपं. मोठ्या विंचवाला आठवड्यातून एकदा एखाद-दुसरा रातकिडा किंवा पाळीव जातीचं झुरळ पुरतं. विंचवाचं शरीर फार काटकसरीनं चालतं, त्यामुळे काही आठवडे त्यानं तोंड फिरवलं तरी घाबरू नये. खाताना बघण्यासारखं असतं. चिमट्यांवरच्या बारीक केसांना हवेची हालचाल कळते, पायांना जमिनीची थरथर. किडा टप्प्यात आला की चिमटा मिटतो. मोठा सम्राट विंचू नांगी बहुतेक वापरतच नाही, चिमट्यानंच काम भागतं. मग तोंडाजवळचे दोन छोटे जबडे आलटूनपालटून पुढं-मागं होत भक्ष्य कुरतडतात, त्यावर पाचक रस सोडला जातो आणि झालेलं पातळ अन्न तो शोषून घेतो. शेवटी उरतो टरफलांचा एक लहानसा गोळा. तो आणि न खाल्लेला किडा दुसऱ्या दिवशी चिमटीनं उचलून टाकावा.

घरातली किंवा बागेतली झुरळं, नाकतोडे पकडून देऊ नयेत, त्यांच्या अंगात कीटकनाशक असण्याची शक्यता असते. आणि आपल्या घरांसाठी याहून महत्त्वाचं म्हणजे डासांची कॉइल, लिक्विडचं मशीन, झुरळांचा स्प्रे यांतली पायरेथ्रॉइड जातीची रसायनं विंचवालाही मारतात. पेटी असलेल्या खोलीत यातलं काहीही नको, मच्छरदाणी लावावी. सोसायटीत पेस्ट कंट्रोल होणार असेल तर पेटी काही दिवस दुसऱ्या घरी हलवावी.

विंचवाच्या आयुष्यातला सगळ्यात नाजूक काळ म्हणजे कात टाकण्याचा. वयात येईपर्यंत तो अनेकदा कात टाकतो, त्यानंतर टाकत नाही. आधी काही आठवडे खाणं थांबतं, चाल मंदावते, पोट फुगतं आणि पाठीवरच्या ताटल्यांच्या मधली फिकट कातडी दिसू लागते. ही लक्षणं दिसली की पेटीत एकही जिवंत किडा ठेवू नये. मऊ अंगाच्या विंचवाला साधा रातकिडाही कुरतडू शकतो. मग एका रात्री डोक्यावरच्या कवचाची पुढची कडा फाटते. आधी जबडे बाहेर येतात, मग चिमटे आणि आठही पाय, घट्ट हातमोज्यातून बोटं एकेक करून सोडवावीत तसे, आणि सगळ्यात शेवटी शेपटी. याला कित्येक तास लागतात. मधे तो बराच वेळ निपचित पडतो, मेल्यासारखा दिसतो. त्या वेळी हात लावण्याचा मोह आवरावा. ओढून मदत करायला गेलं तर पाय तुटतो. ओल कमी पडली की जुनं कवच चिकटून बसतं आणि विंचू त्यातच अडकून मरतो. त्या काळात आपल्या हातात काही असेल तर ते एवढंच: कोपऱ्यात थोडं जास्त पाणी.

विंचवाचं कवच अतिनील प्रकाशात हिरवट-निळं चमकतं, पण नुकती कात टाकलेला विंचू चमकत नाही. कवच कडक होत जातं तशी चमक परत येते. छोट्या यूव्ही टॉर्चनं क्षणभर पाहिलं तर कातीची प्रगती कळते. तो प्रकाश तासन्तास लावून ठेवू नये, रात्रीच्या या प्राण्याला त्याचा त्रास होतो. खायला द्यायचं ते कवच कडक झाल्यावर, साधारण आठवड्याभरानं.

आजार थोडेच. सांध्यांवर काळपट डाग पसरले तर बुरशी समजावी. पेटीत हवा खेळत नाही, एवढाच तिचा अर्थ. पायांच्या सांध्यात पांढरे-तपकिरी ठिपके चिकटलेले दिसले तर माइट्स. तेव्हा विंचवाला काही दिवस ओला टिश्यू अंथरलेल्या स्वच्छ डब्यात ठेवून सगळी माती बदलावी. मातीवर उड्या मारणारे पांढरे सूक्ष्म कीटक मात्र मारू नयेत. ते स्प्रिंगटेल, बुरशी खाऊन पेटी साफ ठेवतात. विंचू सुकलेला, सुरकुतलेला दिसला तर पसरट ताटलीत अगदी पातळ पाणी घेऊन त्याचं तोंड पाण्याला टेकेल असं ठेवावं. नुसती तहान असेल तर तो काही तासांत सावरतो.

हातावर घेणं टाळावं. विष सौम्य असलं तरी एखाद्याला ॲलर्जी असू शकते, चिमट्यानं रक्त निघतं, आणि पडला तर विंचवाचाच जीव जातो. हलवायचा असेल तर त्याच्यावर प्लास्टिकची वाटी पालथी घालून खालून पुठ्ठा सरकवावा.

पोटुशी मादी असेल तर धीर लागतो. गर्भ वाढायला सात ते नऊ महिने, कधी वर्षाहून जास्त लागतं. पिल्लं अंड्यातून नव्हे, आईच्या पोटातून जिवंत येतात, पांढरी, मऊ, आणि एकेक करून तिच्या पाठीवर चढतात. पिल्लं आईला खाऊन टाकतात असं आपल्याकडे गावोगावी सांगतात, ते खरं नाही. उलट आईला त्रास झाला, पेटी सारखी उघडली, जागा बदलली, तर तीच पिल्लं खाऊ शकते. म्हणून जन्मानंतर पेटीवर कापड टाकावं, पाणी तेवढं भरत राहावं. दोन-तीन आठवड्यांत पहिली कात टाकून पिल्लं गडद होतात आणि खाली उतरू लागतात. सम्राट विंचू कुटुंबानं राहू शकतो, आईनं फाडलेल्या भक्ष्यावर पिल्लंही येऊन बसतात, म्हणून घाईनं ताटातूट करू नये. जागा कमी पडली आणि वेगळी करावीच लागली तर प्रत्येकाला झाकणाचा छोटा डबा, तळाशी पाच सेंटिमीटर माती, सालीचा एक तुकडा आणि दर चार-पाच दिवसांनी रातकिड्याची कापलेली तंगडी द्यावी. छोट्या डब्यातली माती फार लवकर सुकते, तेव्हा तिथं मुठीची परीक्षा रोज करावी लागते.