खिशातला चाकू निवडताना

रेल्वेचा लांबचा प्रवास आहे. स्टेशनवर पेरूवाला खिडकीशी येतो, तुम्ही हौसेने अर्धा किलो पेरू घेता आणि मग लक्षात येते की चाकू कोणाकडेच नाही. बिस्किटाचा पुडा दातांनी फाडणे, कुरिअरचे पार्सल किल्लीने उघडणे, औषधाच्या बाटलीचे सील नखाने ओरबाडणे, हे प्रकार आपण सगळ्यांनीच केले आहेत. अशा वेळी समोरच्या बर्थवरचे एखादे आजोबा शांतपणे खिशातून घडीचा चाकू काढतात, पेरूच्या फोडी करतात आणि सगळ्या डब्याला वाटतात.

माझे आजोबा तसेच होते. त्यांच्यानंतर तो चाकू माझ्याकडे आला. मी तो पर्समध्ये ठेवते हे कळल्यावर आई दचकलीच. म्हणाली, ‘‘मुलीच्या पर्समध्ये चाकू कशाला गं? कोणी पाहिले तर काय म्हणेल?’’

तुमच्या घरीही असाच प्रश्न विचारला जाईल. म्हणून आधी त्याचेच उत्तर शोधू या.

चाकूची भीती कुठून आली?

चाकू म्हटले की आपल्याला आठवतो तो हिंदी सिनेमातला रामपुरी. उत्तर प्रदेशातल्या रामपूरच्या कारागिरांची ही जुनी कला. पण पडद्यावर तो कायम गुंडाच्याच हातात दिसला आणि बदनाम झाला. पुढे राज्य सरकारने साडेचार इंचांहून लांब पात्याचे चाकू बनवण्यावर बंदी आणली आणि हा धंदा रोडावला. २०२३ मध्ये याच रामपूरच्या एका चौकात सुमारे २० फुटी चाकूची प्रतिकृती उभारण्यात आली. ज्या वस्तूने शहराचे नाव खाली आणले, तीच आज शहराची ओळख म्हणून मिरवते आहे.

आता आपल्या घरातला अडकित्ता आठवा. तोही धारदार, तोही घडी होणारा. पण आजीच्या चंचीत तो पाहून कोणी घाबरले नाही, कारण तो सुपारी कातरण्यासाठी आहे हे सगळ्यांना माहीत होते. खिशातल्या चाकूचेही असेच आहे. तो छोटा असेल आणि रोजच्या कामाला येत असेल, तर महिन्याभरात घरच्यांची भीती जाते.

उघडल्यावर पाते कशाने थांबते?

घडीचे चाकू दिसायला सारखेच वाटतात, पण खरा फरक असतो पाते उघडे ठेवण्याच्या पद्धतीत. तुमची बोटे सुरक्षित राहणार की नाही हे त्यावर ठरते. जगभरातल्या ३ जुन्या चाकूंवरून हा फरक सहज कळेल.

स्विस चाकू : कार्ल एल्सनर यांनी १८८४ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या इबाख इथे कारखाना सुरू केला आणि १८९१ मध्ये सैन्याला पहिले चाकू पुरवले. आज आपण ओळखतो तो लाल मुठीचा विक्टोरिनॉक्स याच घराण्यातला. याच्या छोट्या आणि मध्यम आकारांत लॉक नसते. मुठीच्या पाठीतली पोलादी पट्टी ताणाने पाते धरून ठेवते. फळे, पार्सल, दोरा यांसाठी हे पुरेसे आहे. कात्री आणि स्क्रूड्रायव्हर सोबत मिळतात हा फायदा. पण पात्याच्या पाठीवर जोर पडला तर ते बोटांवर मिटू शकते.

ओपिनेल : फ्रान्सच्या साव्हुआ प्रांतात १८९० मध्ये जोसेफ ओपिनेल यांनी हा लाकडी मुठीचा चाकू बनवला. १९५५ मध्ये त्याला फिरणारी धातूची कडी बसवण्यात आली. कडी फिरवली की पाते जागच्या जागी पक्के होते. आताच्या चाकूंत मिटलेले पातेही कडीने बंद करता येते, त्यामुळे पर्समध्ये ते चुकून उघडण्याची भीती नाही. ८ नंबरच्या ओपिनेलचे पाते साडेआठ सेंटिमीटरचे असते. पाते पातळ असल्याने टोमॅटो, काकडी छान चिरली जाते. अडचण एकच, पावसाळ्यात लाकूड फुगते आणि पाते उघडायला जड जाते. मुंबई, गोवा किंवा कोलकात्यात राहत असाल तर हे लक्षात ठेवा.

हिगोनोकामी : जपानमधल्या मिकी शहराचा हा चाकू १८९० च्या दशकापासून बनतो. घडी घातलेल्या पत्र्याची मूठ, एक खिळा आणि पाते, बस एवढेच. यात पट्टीही नाही आणि लॉकही नाही. पात्याच्या मागे छोटी शेपटी असते, ती अंगठ्याने दाबून धरायची. एकेकाळी जपानी शाळकरी मुले यानेच पेन्सिलीला टोक करत. अंगठा उचलला की पकड गेली, म्हणून सराव नसलेल्यांनी आणि लहान मुलांचे घर असलेल्यांनी हा पहिला चाकू म्हणून घेऊ नये.

पहिल्यांदाच घेत असाल तर प्रवासासाठी छोटा स्विस चाकू आणि फळे-भाज्या जास्त चिरायच्या असतील तर कडीचा ओपिनेल, अशी निवड सोपी पडेल.

पाते कोणते घ्यावे?

कार्बन स्टीलच्या पात्याला धार पटकन लागते आणि ती तीक्ष्णही असते. पण लिंबू, कैरी किंवा टोमॅटो चिरल्यावर ते काळवंडते आणि ओले राहिले तर गंजते. आपली विळी जशी काळी पडते तसेच. स्टेनलेस स्टीलला एवढी काळजी लागत नाही. दमट हवेच्या गावात आणि डब्यासोबत न्यायला स्टेनलेसच बरे.

दुकानात चाकू उघडून पाहा. पाते डावीकडे-उजवीकडे हलत असेल तर घेऊ नका. मिटल्यावर टोक मुठीबाहेर डोकावता कामा नये. आणि चाकू तुमच्या मुठीत भरला पाहिजे. नवऱ्याच्या हाताला बसतो म्हणून तुमच्या हाताला बसेलच असे नाही.

काळजी अशी घ्या

वापर झाला की पाते पुसून, कोरडे करूनच मिटा. पेरूचा चिकट रस खिळ्यात सुकला की चाकू अडकायला लागतो.

महिन्यातून एकदा खिळ्यावर शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडा. खोबरेल नको, ते कालांतराने चिकट होते. फळ चिरण्याआधी पाते पुसून घ्या.

धार लावायला साधा दगड चालतो. पाते दगडावर थोडेसे तिरके धरा आणि दोन्ही बाजूंना सारखेच घासा.

दुसऱ्याला देताना चाकू आधी मिटवा, मग द्या. डबीचे झाकण उचकटायला तो वापरू नका. बहुतेक टोके तिथेच तुटतात.

बोथट चाकूपासून जास्त सावध राहा. त्याला जोर लावावा लागतो आणि तो घसरला की बोटावर येतो.

कुठे नेऊ नये?

आपल्या शस्त्र नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचे चाकू शस्त्रांच्या यादीत येतात. घरगुती आणि शेतीच्या कामासाठी बनवलेले त्यातून वगळले आहेत. खिशातला ३ इंची चाकू या मापाच्या बराच आत असतो. तरीही निवडणुका, मिरवणुका, सण या काळात पोलीस धारदार वस्तू बाळगायला मनाई करतात, तेव्हा तो घरी ठेवा. मेट्रो, कोर्ट, मॉल, परीक्षा केंद्र इथेही तोच नियम पाळा. विमानप्रवासात चाकू फक्त चेक-इन बॅगेत ठेवा, केबिन बॅगेत कधीही नाही.

हे मी अनुभवाने सांगते आहे. आजोबांचा चाकू मी असाच गमावला. गडबडीत तो पर्समध्येच राहिला आणि सुरक्षा तपासणीत सापडला. बॅगा आधीच गेल्या होत्या, विमानाची वेळ झाली होती. तो तिथेच सोडून यावे लागले. चूक पूर्णपणे माझी होती. आजोबांची आठवण एका प्लास्टिकच्या ट्रेमध्ये राहिली, ही रुखरुख अजून जात नाही.

आता माझ्याकडे नवा चाकू आहे. प्रवासाच्या आदल्या रात्री पर्स पूर्ण रिकामी करून भरायची, हा नियमही आहे. तुमच्या घरी वडिलांचा किंवा आजोबांचा चाकू एखाद्या खणात पडला असेल तर तो आजच काढा, पुसा, धार लावा आणि वापरा.

आणि हो, गेल्या महिन्यात इंदूरहून पुण्याला येताना पेरूवाला आला, तेव्हा आईनेच हात पुढे केला, ‘‘दे गं तो तुझा चाकू.’’